पेडलखालचा खिळा

१६ जानेवारी, गुरुवार

गाडी आली! सिरसाळ्याहून ट्रॅक्टरला दोर लावून ओढत आणली. काळी अँबॅसिडर, एकाहत्तर सालची. आठ वर्षं शेडात ताडपत्रीखाली उभी होती. पुढचं उजवं मडगार्ड अजून तसंच चेपलेलं. बाभळीवर गेली होती ना तेव्हा.

मागून जीपमधून मालकीण चंद्रभागाबाई स्वतः उतरल्या. नवरा, भगवानराव, गेल्यापासून त्यांना आमच्या दिंद्रुडात कुणी पाहिलं नव्हतं. काठी टेकत थेट गॅरेजात. "शिवशंकर मिस्त्रीला दिसत न्हाई म्हणत्यात. मग गाडी कोण उघडणार?"

हे खुर्चीत बसून ऐकत होते. मी म्हटलं — मी. साखरेनं यांची नजर नेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून पाना माझ्याच हातात आहे.

बाईंनी माझे हात धरून उलटेसुलटे करून बघितले — बाजारात कणीस बघावं तसे! नखातलं ग्रीस बघितलं. मग म्हणाल्या, "बरं."

बाईंची नात राजनंदिनी मार्चात पुण्याहून येणार. आजोबांच्या गाडीतून आजीला लिंबागणेशला दर्शनाला न्यायचं, आणि गाडी आपणच चालवायची, असा तिचा हट्ट. बाई जाता जाता म्हणाल्या, "रंगाचं मागून बघू. पोरगी चालवणार हाय. आधी ब्रेक."

आधी ब्रेक. ठरलं.

१७ जानेवारी

बोनेट उघडलं. आत उंदरांचं अख्खं गाव! दिवस साफसफाईत गेला.

२० जानेवारी, सोमवार

गाडीखाली गेले. या गाडीचं पेडल वरून लटकत नाही. फळीतून खाली जातं, सगळा कारभार खाली. पेडलच्या दांड्याला मास्टर सिलेंडरची दांडी जोडलेली, तिच्या टोकाला दुहेरी कान. त्याला फोर्क म्हणतात. फोर्क आणि दांडा यांच्या आरपार एक आडवी पिन. पाय दाबला की दांडी सरकते, तेल सरकतं, चाकं धरतात. एवढ्या मोठ्या गाडीचा ब्रेक करंगळीएवढ्या पिनेवर.

ब्रेकची पिन अर्धी बाहेर आलेली. फोर्क सुटून लोंबत होता.

पिनेच्या टोकाला भोक असतं. त्यात काय आहे ते बघितलं. फडक्यानं पुसून पुन्हा बघितलं.

आज एवढंच. लिहवत नाही.

२१ जानेवारी

भाकरी करपल्या. "चित्त कुठं हाय तुजं?" — हे. मी पुन्हा पीठ मळायला घेतलं.

२३ जानेवारी, गुरुवार

लिहितेच. यांना आता वाचता येत नाही आणि दुसरं कुणी ही वही उघडत नाही. इथंही लिहिलं नाही तर कुठं लिहिणार?

भोकात खिळा होता. तिथं स्प्लिट पिन हवी. दोन पायांची, मऊ लोखंडाची. भोकातून घालायची आणि पाय दोन बाजूंना वाकवायचे, म्हणजे मोठी पिन सरकून बाहेर येत नाही. तिच्या जागी साधा खिळा. झिजून मधेच तुटलेला, तुकडा भोकात गंजून बसलेला. शेजारी क्लचच्या पिनेतही खिळाच. तो शाबूत, पकडीनं वाकवलेला. दोन्ही एकाच हाताचं काम.

तो हात यांचा. आणि खिळे मी दिले होते.

आठ वर्षांखाली, भोगीचा दिवस. राम ड्रायव्हर हीच गाडी घेऊन आले होते. यांनी ब्रेक आणि क्लचचे मास्टर सिलेंडर बदलले. जुन्या स्प्लिट पिना काढताना तुटल्या. डब्यात नव्या नव्हत्या. भगवानरावांना संध्याकाळच्या आत कुठं तरी पोचायचं होतं, सारखे फोन. हे गाडीखालून ओरडले, "सत्या, दोन खिळे दे गं. उद्या पिना आणून घालतो." मी दाराच्या फळीतले दोन उपटून दिले. तेव्हा गॅरेजात माझं काम बॅटरी धरायचं आणि चहा करायचं. मला काय कळत होतं! पण दिले मीच.

तो उद्या आलाच नाही. ना यांना आठवण राहिली, ना मला.

बाराव्या दिवशी सिरसाळ्याच्या अलीकडे, पुलाजवळ, उसाची ट्रॉली उभी होती. गाडी थांबली नाही. रस्ता सोडून बाभळीवर गेली. भगवानरावांचं खुब्याचं हाड मोडलं. चार महिने अंथरुणात काढले आणि गेले.

राम एकच सांगत राहिले, "पेडल खाली गेलं. ब्रेक लागलाच न्हाई." कुणी ऐकलं नाही. पिऊन होता, म्हणाले. भगवानरावांच्या भावानं यांना बोलावून विचारलं. हे म्हणाले, "ब्रेक म्या पंधरा दिवसांखाली केला हाय. ब्रेकला काय झालेलं न्हाई." वाकून बघितलंसुद्धा नाही! यांच्या शब्दावर सगळं मिटलं. पोलिसात कुणी गेलं नाही, घराचं नाव नको म्हणून. रामची नोकरी गेली. पोरीची ठरलेली सोयरीक मोडली. पुढच्या दसऱ्यानंतर नवरा-बायको कोयते घेऊन ऊसतोडीला गेले. अजून जातात.

माझे आईबाप तेच करायचे. माझा जन्म कोपीतला, म्हणजे फडावरच्या झोपडीतला, उसाच्या पाचटावरचा. ते काय असतं ते मला कुणी सांगायला नको.

२५ जानेवारी, शनिवार

यांना सांगितलं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा. सांगितलं म्हणजे बोलले नाही, ब्रेकची पिन यांच्या तळहातावर ठेवली.

बोटं फिरवत बसले. भोक सापडलं. तुकडा सापडला. चेहरा उतरत गेला.

"तार असंल."

"खिळा आहे. क्लचचा अख्खा आहे, देऊ का?"

मग एकदम, "कावून काढलंस हे? नवं घालायचं, गाडी द्यायची. आट वरसं झाली, सत्या! गेलेला माणूस येतो का परत?"

"भगवानराव गेले. राम आहेत ना."

"गॅरेज बंद पडंल. मग खायचं काय?"

"आत्ता कोण चालवतंय गॅरेज?"

बोलून गेले. बोलायला नको होतं. ते उठले, भिंत चाचपत आत गेले आणि दार लावून घेतलं.

२६ जानेवारी

शाळेचा भोंगा सकाळपासून. झेंडा, भाषणं, पोरांची गाणी. आम्ही दोघं दिवसभर बोललो नाही.

२९ जानेवारी, बुधवार

ठरवलं. गाडी तरी नीट करायची, मग बाकीचं. बाकीचंही करायचंच.

पेडलखालचं सगळं खोललं. दोन्ही पेडलं, त्यांची आस, बुश, स्प्रिंगा, ब्रॅकेट. परातीत मांडलं. खिळ्यांवर भागलं नव्हतं! ब्रॅकेटच्या चार बोल्टांपैकी एक भलत्याच मापाचा. ही जुनी गाडी, हिचे आटे इंची. त्यात मिलिमीटरचा बोल्ट पाना लावून ठोकून फिरवलेला. निम्मे आटे खाल्लेले. हातानं ओढला तर निघाला.

माजलगावला गेले. दुकानदारानं चकचकीत बोल्टांचा ढीग पुढं ओतला. मी एकेक उचलून डोकं बघत होते.

"ताई, काय शोधता?"

"खूण. चांगल्या पोलादाच्या बोल्टाच्या डोक्यावर रेघा असतात, न्हाई तर आकडा. ह्यांची डोकी कोरी हायत."

"बोल्ट म्हणजे बोल्ट. ट्रॉलीला हेच लावत्यात समदे."

"ट्रॉलीच्या फाळक्याला लावत्यात. मला ब्रेकला पाहिजे."

हसला. "मिस्त्रीला पाठवा, त्यांना कळतंय."

मिस्त्री मीच, असं म्हणून स्कूटीवर बसले. रिकाम्या हातानं परत. पण कोरं डोकं नाही म्हणजे नाही! संभाजीनगरला एक दुकान फक्त नटबोल्टांचं आहे, त्यांना फोन केला. त्यांनी मापं विचारली. कॅलिपर लावून तीनदा मोजली आणि कळवली.

१ फेब्रुवारी

आस कुरतडलेली. लेथवाल्याकडून नवी करून घेतली. बुशही नवे.

३ फेब्रुवारी, सोमवार

एसटीनं पार्सल आलं! फाट्यावर जाऊन घेतलं आणि तिथंच पिशवी फाडली. आठ बोल्ट. डोक्यावर तीन-तीन रेघा. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले. कडं आट्यांना आवळून धरतं, हादऱ्यानं नट ढिला होत नाही. आसेसाठी खाचांचा कॅसल नट. फोर्कच्या दोन कडक पिना. आणि स्प्लिट पिना, तीन मापांच्या, मूठभर.

ओट्यावर मांडत होते. हे खुर्ची सरकवून जवळ आले. आठ दिवसांत पहिल्यांदा. हात पुढं केला. मी एक बोल्ट दिला. यांनी नखानं आटे मोजले. नुसत्या नखानं!

"इंची हाय. बारीक आट्याचा."

"हो."

"खालचा जुना दे." दिला. "ह्यो एमएम. ह्यो कुणी घातला?"

त्यांनाच आठवलं असावं. बोल्ट परातीत टाकला तो मोठा आवाज झाला.

मग म्हणाले, "आसंला नायलॉक घालू नको. तिथं पेडल फिरतंय. नट आवळला तर पेडल अडकंल, ढिला सोडला तर मन खात राहील. कॅसल नटच घाल. हातानं टेकव, खाच भोकासमोर आण, आन् पिन ठोक. आवळायचं न्हाई, पण निघायचंबी न्हाई."

मला हे माहीत होतं. पण ऐकून घेतलं. पुन्हा सांगा म्हटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

राजनंदिनीचा व्हिडिओ कॉल. पोरगी हुशार आहे, जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघते. "काकू, स्प्लिट पिन कशाला? स्प्रिंगची क्लिप मिळते ना आता. पक्कड नको, काही नको, पटकन निघते."

"पटकन निघते म्हणूनच नको."

ती हसली. मी नाही हसले. आपल्याकडे चार महिने रस्त्यावर उसाचं पाचट पडलेलं असतं. गाडीखाली अडकतं, गुंडाळलं जातं, ओढलं जातं. परवाच एका जीपखालून हातभर काढलं. तसलं एक पान क्लिपच्या कडीत अडकलं आणि ओढलं, की गेली क्लिप. स्प्लिट पिनेचे पाय वळवून बसवले की पकडायला काही उरतच नाही.

"तुम्ही म्हणाल तसं, काकू. मला फक्त खाली पाय दिला की थांबायला पाहिजे."

हे वाक्य दिवसभर कानात.

९ फेब्रुवारी, रविवार

बसवलं! सकाळी आठला खाली गेले ती बाराला बाहेर.

ब्रॅकेटचे चार बोल्ट, चार नायलॉक. जुना नट एकही परत घातला नाही. आस, कॅसल नट, पिन. मग फोर्क. पिनेचं डोकं चासीच्या बाजूला ठेवलं आणि टोक मोकळ्या बाजूला — की समजा, समजा, स्प्लिट पिन मोडलीच, तरी मोठी पिन सरकून चासीच्या पत्र्याला अडेल, पुरती बाहेर पडणार नाही. आधी उलटी होती. डोक्याच्या बाजूला मोकळी जागा, सरकायला वावच वाव.

स्प्लिट पिन भोकात गच्च बसेल अशीच निवडली. बारीक पिन खुळखुळते आणि खुळखुळून झिजते. एक पाय टोकावरून वर वळवला, दुसरा खाली. उरलेलं कापलं.

बाहेर आले तर हे उभे. "मला खाली जाऊ दे."

"कशाला? पडाल."

"बघायचं हाय."

बघायचं! मी गोणपाट अंथरलं, खांदे धरून त्यांना आडवं केलं आणि सरकवलं. शेजारी मीही गेले. त्यांचा हात धरून पिनेवर ठेवला. बोटांनी डोकं, वॉशर, फोर्क, टोक, पाय. पुन्हा डोक्यापासून. क्लचचंही तसंच. किती वेळ पडून होतो कुणास ठाऊक. मग अंधाराची सवय असल्यासारखं, अगदी शांतपणे म्हणाले, "तवा मला दिसत व्हतं, सत्या. दिसत असून न्हाई बघितलं."

मी त्यांचा हात सोडला नाही.

"बाईला सांगायला जायचं तवा मलाबी ने."

१० फेब्रुवारी

उद्याच जाणार. गाडी अजून पुरी झालेली नाही तेव्हाच सांगायचं. बाईंना वाटलं तर त्यांनी ती दुसरीकडे न्यावी. काम पुरं करून, गोड बोलून मग सांगणं मला जमणार नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गेलो. स्कूटीवर हे मागे, खांद्याला घट्ट धरून. पुलावरून गेलो तेव्हा मी काही बोलले नाही, तरी यांनी विचारलं, "पूल आला का?"

चंद्रभागाबाई ओसरीत तूर निवडत होत्या. बसा म्हणाल्या. आम्ही बसलो नाही. यांनीच सुरुवात केली. मी मधे पडले नाही. भोगी, घाई, खिळे, उद्या आणतो म्हटलेलं. आणि मग, "तुमच्या दिरानं इचारलं तवा म्या खोटं बोललो. गाडी बघितलीच न्हवती." मी रुमाल सोडून पिन आणि खिळे सुपाशेजारी ठेवले. "खिळे मी दिले होते," म्हटलं.

बाई तूर निवडतच राहिल्या. एक दाणा, दुसरा. मग हात थांबला.

"चार महिने त्यांना कूस बदलता येत न्हवती. म्या बदलत व्हते." आवाज चढला नाही. "रोज त्या रामला शिव्या द्यायचे. मीबी द्यायचे. मरताना सुदिक त्याचंच नाव."

हे हात जोडून उभे. कुणीकडे बघायचं ते कळत नव्हतं, भिंतीकडे तोंड होतं. मी त्यांना बाईंकडे वळवलं.

"जा आता," बाई म्हणाल्या. "खिळे ठिवून जा."

पाणीसुद्धा न पिता निघालो. परतताना हे रडत होते. पाठीला कळत होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गाव किती लवकर ऐकतं! दुरुस्तीला आलेले दोन ट्रॅक्टर मालकांनी ओढून नेले. गॅरेजासमोर एक जण मुद्दाम मोठ्यानं, "काय बे, खिळे मिळत्यात का हितं?" बाकीचे हसले.

मी बाहेर जाऊन म्हटलं, "मिळत न्हाईत. स्प्लिट पिना मिळतात. दाखवू?" हसणं थांबलं.

१४ फेब्रुवारी

सिरसाळ्याहून निरोप — "गाडी तिथंच राहू द्या. पुरी करा." एवढाच. दोनदा विचारून घेतलं, बाई स्वतः म्हणाल्या का? स्वतः म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रामकडे गेले. एकटीच. यांना ताप आहे. यायचं म्हणत होते, मीच नको म्हटलं.

त्यांची ऊसतोडीची टोळी माजलगावच्या पलीकडे एका उसाच्या फडावर. कोप्या तशाच, माझ्या लहानपणच्या. चूल बाहेर, धुणं उसावर वाळत. बबिता, रामची बायको, मोळ्या बांधत होती. मला ओळखलं. पदर कमरेला खोचून समोर आली.

सगळं सांगितलं. राम मागे कोयता धरून उभे. केस पांढरे झालेत.

बबिता बोलली. "आट वरसं! आट वरसं लोक ह्यांच्या तोंडाचा वास घेत्यात. पोरीचं ठरलेलं लगीन मोडलं, दारुड्याची लेक म्हणून. आन् तुमी आता येता, पिना बसवून झाल्यावर?"

"हो. आता आले. आधी यायला पाहिजे होतं."

"बाईला सांगितलं?"

"सांगितलं. आधी तिथंच गेलो."

तिला हे अपेक्षित नसावं. खाली बसली. तोंडाला पदर लावला. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "बघा! म्हणत व्हते न्हवं मी? तुमी खोटं बोलणार न्हाईत, म्हणत व्हते न्हवं?"

राम उसात निघून गेले. सपासप कोयत्याचा आवाज. मी निघाले तरी बाहेर आले नाहीत. मला वाटलं, आनंद असाही होत असेल. आठ वर्षांचा साठलेला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंनी रामला बोलावून घेतलं! जीप पाठवली होती फडावर. घरच्यांसमोर त्यांना टोपी-टॉवेल, बबिताला लुगडं. म्हणाल्या म्हणे, "आमचं चुकलं. परत गाडीवर या." राजनंदिनी फोनवर होती. ती म्हणाली, लिंबागणेशला मी नाही, रामकाकाच नेतील, मी शेजारी बसेन.

मला हे सगळं बबितानं फोन करून सांगितलं. तिनं, मला! आवाज वेगळाच होता. "पोरीच्या सासरी कळवलं," म्हणाली. कुठल्या तरी बिजवराला दिलीय पोरगी. आता काय कळवून व्हायचं, पण कळवलं.

यांना सांगितलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा दोन भाकरी खाल्ल्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चाचणी. बाजाराच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर. मी चालवली, हे शेजारी.

आधी उभ्या गाडीत शंभर वेळा दाबला ब्रेक. मोजून शंभर. पेडल आधी थोडं मोकळं जातं, तेवढं जायलाच हवं, मग घट्ट लागतं. खाली जाऊन बघितलं. नटांवर मी पिवळ्या रंगाची रेघ मारून ठेवलीय, अर्धी नटावर, अर्धी बोल्टावर. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. एकही तुटली नाही.

मग वीसला ब्रेक. मग चाळीसला. मग साठला. सगळा जोर पायात आणला. गाडी नाक खाली करून जागच्या जागी!

"थांबली," हे म्हणाले. "सरळ थांबली."

पुन्हा खाली गेले. रेघा अखंड. पिनेचे पाय जसेच्या तसे. उठून बसले आणि एकटीच हसले. आता कुणाचाही पाय पडू दे या पेडलवर!

२८ फेब्रुवारी

राजनंदिनी यायला सहा दिवस राहिले. मडगार्ड ठोकून सरळ केलं. काच पुसली. राम उद्या गाडी बघायला येणार असा निरोप आहे.

१ मार्च, शनिवार

राम आले. बबिताला न सांगता. मी किल्ली पुढं केली. घेतली नाही. आम्हा दोघांना गॅरेजात बसायला सांगितलं आणि स्वतः दारात उभे राहिले.

"वहिनी, त्या दिशी म्या दारू घेतली व्हती. सकाळीच. पेडल खाली गेलं हे खरं हाय. पण ट्रॉली मला कव्हा दिसली, पाय म्या कव्हा टाकला, ते मला आजबी सांगता येत न्हाई. तुमी दोघं तुमचं सांगून मोकळे झालात. माझं कुणालाच ठाव न्हाई. तिलाबी न्हाई."

मग यांनी उठून, चाचपत, त्यांचा खांदा शोधला.

राम म्हणाले, "बाईकडं चाललो. तुमी संगं येता का?"

मी स्कूटीची किल्ली घेतली.